सगळ्यांना जागा

निवासी शाळेची सहल आखायची म्हणजे आधी माणसे मोजायची. मुलांनी माथेरानच्या झुकझुकगाडीचा हट्ट धरला, तेव्हा कागदपेन्सिल घेऊन बसलो. तुडीलहून महाडमार्गे वीर स्थानक, तेथून रेल्वेने पनवेल, पुढे रस्त्याने नेरळ. इथवर हिशेब सोपा. अडचण त्यापुढची. पीरभॉय कुटुंबाने उभारलेला हा मार्ग १९०७ साली सुरू झाला. रुळांमधील अंतर अवघे २ फूट, आणि सुमारे २० किलोमीटरच्या चढात वळणे इतकी, की लांब गाडी जोडताच येत नाही. डबे मोजके, म्हणून जागाही मोजक्याच.

निम्मी मुले गाडीने न्यावीत, निम्मी मोटारीने, असे एका पालकांनी सुचवले. मला ते रुचले नाही. चवदार तळ्याच्या तालुक्यातील मुलांना कोण बसणार आणि कोण नुसते पाहणार, हे आपण चिठ्ठ्या टाकून ठरवायचे? शेवटी बेत बदलला. दस्तुरी नाक्यापर्यंत सारे रस्त्याने, अमन लॉजपासून माथेरानपर्यंत शटलच्या फेऱ्यांत तुकड्यातुकड्यांनी सारेच गाडीत, आणि परतताना नाक्यापर्यंत सारेच पायी. प्रवास आखूड झाला खरा. पण वाट्याला आला तो सर्वांच्या.

वाफेची इंजिने आता या घाटात धावत नाहीत, त्यांची जागा डिझेलने घेतली. नेरळला एक जुने इंजिन जपून ठेवले आहे. त्यासाठी परतीच्या वेळापत्रकात अर्धा तास राखला होता. पाचवीच्या मुलांना तो पुरला नाही.