आमचा भाकरीचा पाठ

आमच्या चौथीच्या वर्गात चोवीस मुले-मुली आहेत. सगळ्यांना एकाच रीतीने शिकवून समजत नाही. माझ्या शेजारी बसते त्या मैत्रिणीला अगदी थोडे दिसते. फळ्यावरचे तर काहीच दिसत नाही. एका मुलाला कमी ऐकू येते. वीटभट्टीवरचा एक मुलगा घरी पावरी बोलतो, मराठी तो आता आता शिकतो आहे.

मैत्रिणीचे बाबा म्हणायचे, "फळा दिसत न्हाई, मग साळंत बसून काय करणार?" ते ऐकून मला लई वाईट वाटायचे.

आमच्या बाईंनी अपूर्णांक शिकवताना फळ्यावर गोल काढलाच नाही. त्यांनी घरून सहा भाकऱ्या आणल्या. चौघाचौघांचे सहा गट केले आणि प्रत्येक गटाला एक भाकरी दिली. आम्ही तिचे आधी दोन सारखे भाग केले, मग चार. मैत्रिणीने कडा चाचपून चारी तुकडे जुळवले आणि पुन्हा गोल भाकरी केली. कमी ऐकू येणाऱ्या मुलाकडे तोंड करून बाई सावकाश बोलल्या, बोटांनीही दाखवले. वीटभट्टीवरच्या मुलाने आधी आपल्या बोलीत सांगितले, मग आम्ही त्याला पाव, अर्धी, पाऊण हे शब्द सांगितले.

बाईंनी विचारले, "अर्धी मोठी का पाऊण?"

सगळ्यांच्या आधी मैत्रीण बोलली, "पाऊण! अर्धीपेक्षा एक पाव जास्त."

तीन छेद चार म्हणजे काय, ते मलापण त्या दिवशीच नीट कळले. पाठ संपल्यावर भाकरी आम्ही चटणीबरोबर खाल्ली.

बाईंनी लुई ब्रेलची गोष्टही सांगितली. तो १८०९ साली फ्रान्स देशात जन्मला. लहानपणीच त्याची दृष्टी गेली. पंधराव्या वर्षी, म्हणजे १८२४ साली, त्याने सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. ती बोटांनी वाचतात. मराठीही तिच्यात लिहितात. 'अ' म्हणजे डावीकडचा सगळ्यात वरचा एकच ठिपका. मैत्रीण ती लिपी शिकते आणि मला शिकवते.

बाई म्हणाल्या, २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिकण्याचा हक्क आहे.

आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला शेजारच्या गावी जावे लागेल. काका, तुम्ही हे वाचत असाल तर तिलाही पाठवा. मी तिला रोज हात धरून नेईन. तिथल्या गुरुजींना आम्ही दोघी मिळून भाकरीचा पाठ सांगू.