चोपन्नची फ्रेम

पंचवीस हजारांत रोड सायकल घ्यायची असेल, तर तिच्यातली एकच गोष्ट नंतर बदलता येत नाही, ती म्हणजे फ्रेमचं माप. टायर बदलता येतात, सीट बदलता येते, गिअर थोडेफार बदलता येतात, हँडलसुद्धा बदलता येतं. फ्रेम बदलायची म्हणजे सायकलच बदलायची. मी नेमकं तेवढं सोडून बाकी सगळं पाहिलं. त्यात पैसे गेले आणि वर्षभर दुखणं अंगावर काढलं. बडोद्यात आता पहाटे सायकल घेऊन निघणाऱ्या, माझ्याच उंचीच्या आणि माझ्याच ऐपतीच्या बायका दिसायला लागल्या आहेत. त्यांच्यातल्या एखादीने तरी दुकानात जाण्याआधी हे वाचावं, असं मनापासून वाटतं.

२०२० सालची दिवाळी नुकतीच झाली होती. टाळेबंदी उठल्यावर सायकलींना एकदम मागणी आली होती, सुट्या भागांचा तुटवडा साऱ्या जगात होता आणि हवी ती सायकल हव्या त्या मापात मिळणं कठीण झालं होतं. अशात शहरातल्या एका दुकानात ‘शेवटचा पीस’ म्हणून एक काळी, खाली वळलेल्या हँडलची सायकल दिसली. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, गिअर १४, छापील किंमत २९ हजारांच्या वर आणि मला २३,९०० रुपयांना. फ्रेमवर ५४ हा आकडा होता. माझी उंची ५ फूट २ इंच. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे मी विचारलं नाही. दांडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिले तर टाचा उचलाव्या लागत होत्या, हेही माझ्या लक्षात आलं होतं. दुकानदाराने सीट पार खाली नेली, ‘बेन, परफेक्ट’ म्हणाला, आणि मला तेच ऐकायचं होतं.

टाचा उचलाव्या लागणं मला खटकलं नाही, याचं एक कारण आहे. आमची पिढी वडिलांच्या सायकलवर शिकली. आमच्या घरी २२ इंची अ‍ॅटलास होती. दांडीखालून पाय घालून अर्धी पायडल मारत, अंग वाकडं करत मी ती चालवली आहे. सायकल मोठी असते आणि आपण तिच्याशी जुळवून घ्यायचं असतं, हे तेव्हापासून डोक्यात बसलेलं. (त्याच अ‍ॅटलासच्या साहिबाबादच्या कारखान्यातलं काम २०२० मध्ये ३ जूनला, नेमकं जागतिक सायकल दिनी थांबलं. ती बातमी वाचून मला फार वाईट वाटलं होतं.) पण त्या सायकलवर आपण ताठ बसतो आणि हँडल वळून आपल्याकडे येतं. रोड सायकलवर अंग पुढे झुकतं. सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर दोन-तीन सेंटिमीटरने जरी चुकलं, तरी तासाभरात मान, खांदे आणि तळवे बोलायला लागतात.

माझे बोलले. अकोट्याहून सिंधरोटला महीच्या काठापर्यंत जाऊन यायचं म्हटलं, तर परतताना डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. हे वयाचं असेल, सवयीचं असेल, असं मी स्वतःला समजावत राहिले. मग उपाय सुरू केले, आणि तेही चुकीच्या टोकाकडून. आधी जेलचं सीट कव्हर आणलं. त्याने बसणं आणखी अस्थिर झालं. मग सीट रुळावर जितकी पुढे जाईल तितकी सरकवली. हँडल जवळ आलं, पण गुडघ्यांच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं. मग स्टेम, म्हणजे हँडलला फोर्कशी जोडणारा तुकडा, १०० मिलिमीटरचा होता तो काढून ६०चा बसवला. आता हँडल इतकं चंचल झालं की मागे वळून पाहताना सायकल रस्त्याच्या मध्ये जायची. सूट म्हणून जेवढे पैसे वाचल्याचा आनंद झाला होता, त्यातले बरेच असे हप्त्याहप्त्याने गेले.

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीकडे गेले. तिने आधी हात तपासला आणि मग म्हणाली, “अगं, उद्या सायकलच घेऊन ये.” भिंतीला टेकवून तिने मला सायकलवर बसवलं. माझे कोपर सरळ रेषेत ताठ झालेले होते, रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट मनगटात जात होता. तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस दाबली जाऊन त्या दोन बोटांना मुंग्या येतात, सायकलवाल्यांमध्ये हे नेहमीचं आहे, असं तिने सांगितलं. औषध दिलं नाही. सायकल लहान घे, एवढंच म्हणाली.

माप घ्यायला पाच मिनिटं आणि एक जाड पुस्तक लागतं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पुस्तक दोन पायांमध्ये वरपर्यंत घट्ट धरायचं आणि त्याच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. माझं ७२ सेंटिमीटर भरलं. त्याला ०.८८३ने गुणलं की पायडलचे दांडे ज्या धुरीभोवती फिरतात तिच्यापासून सीटच्या वरपर्यंतची उंची साधारण मिळते. हे गणित ग्रेग लेमाँड या अमेरिकन सायकलपटूमुळे सर्वदूर पोचलं. माझं उत्तर साडेत्रेसष्ट येतं. एवढ्या पायांना आणि माझ्या हातांच्या लांबीला ४८-४९ची फ्रेम लागते. ब्रेकच्या लीव्हरपर्यंत बोटं पोचतात का, हेही दुकानातच पाहायचं असतं. पुष्कळ लीव्हरना ते जवळ आणण्यासाठी स्क्रू असतो. मी वर्षभर बोटांच्या टोकांनी ब्रेक दाबत होते.

दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाममंदिराचं नाव आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आखाड्यात नव्या मुलाच्या हाती मुद्गलाची जोडी देताना त्याचा खांदा आणि मनगट पाहतात. जड जोडी स्वस्तात आली म्हणून ती कुणी त्याच्या हातात देत नाही. ज्या शहरात शरीर पाहून साधन देण्याची ही रीत आहे, तिथे वाढून मी किमतीची चिठ्ठी पाहून साधन घेतलं, याचा मला आजही त्रास होतो.

गिअरचंही तसंच. १४ म्हणजे पुष्कळ, अशी माझी समजूत होती. बडोदा सपाट आहे, त्यामुळे ती बरेच दिवस टिकली. हालोलच्या टोल रस्त्याने पावागडला गेले तेव्हा मोडली. पायथ्यापासून माचीपर्यंत, म्हणजे रोपवे सुरू होतो तिथपर्यंत, वळणावळणाचा चढ आहे. माझ्या पुढच्या लहान चक्राला ३४ दाते आणि मागच्या सगळ्यात मोठ्याला २८. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक १.२ वेळा फिरणार. नवशिकीला चढावर ते एकास एकच्या आसपास हवं. पहिल्या काही वळणांनंतर मी उतरले आणि सायकल ढकलत वर गेले. किती गिअर आहेत हे महत्त्वाचं नाही, सगळ्यात हलका कुठला आहे ते पाहायचं.

मग मागे मोठं चक्र बसवू म्हणून मेकॅनिककाकांकडे गेले. त्यांनी मागचं चाक काढून दाखवलं. “बेन, आ तो फ्रीव्हील छे.” मागे सात गिअर असलेल्या स्वस्त सायकलींत बहुधा सगळी चक्रं एका फ्रीव्हीलवर असतात आणि ते हबवर आट्यांनी घट्ट बसवलेलं असतं. मागे आठ गिअर किंवा पुढचं काही बसवायचं तर सहसा कॅसेटचा, म्हणजे चक्रांचा सुटा संच सरकवून बसवता येईल असा हब लागतो, म्हणजे नवं चाक. आणि त्या सायकलचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, २८ दात्यांच्या पुढे जाणाराच नव्हता. आठ गिअरचा क्लॅरिस, नऊचा सोरा ही गिअरसंचांची नावं मी दुकानात ऐकली होती. त्यांच्यात कॅसेट असते आणि पुढे सुधारणा करायला वाट असते, हे विचारायला मला सुचलं नाही.

टायरबद्दल थोडक्यात सांगते. बाजूवर १२० लिहिलंय म्हणून दुकानात १२० हवा भरली आणि मीही तेवढीच भरत राहिले. तो आकडा कमाल मर्यादेचा असतो. माझं वजन ५८ किलो. २५ मिलिमीटरच्या टायरला मागे ८० आणि पुढे ७० पुरेशी आहे, आणि तेवढी ठेवल्यावर पावसाळ्यानंतरच्या उखडलेल्या रस्त्यावरही तळवे कमी दुखले. त्याहून रुंद टायर फ्रेममध्ये मावत नव्हता. इथे रस्त्याकडेला वेडी बाभूळ माजलेली आहे, तिला गुजरातीत गांडो बावळ म्हणतात. तिचा काटा गेला की पंक्चर ठरलेलं. या सायकलींच्या ट्यूबला प्रेस्टा नावाचा बारीक वॉल्व असतो, रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचं नोझल त्यावर बसत नाही. एक पितळी अडॅप्टर लागतो, चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळतो. तो जवळ नसल्याने मी एकदा सायकल रिक्षात घालून घरी आणली.

सगळ्यात जिवाला लागलेली चूक मात्र हेल्मेटची. २५ हजारांतले जवळजवळ सगळे सायकलीत गेले, मग हेल्मेट पुढच्या पगाराला घेऊ म्हणून मी काही आठवडे उघड्या डोक्याने हमरस्त्यावर चालवली. मागे लाल दिवाही नव्हता. थंडीत पहाटे अंधार असतो आणि कडेने वाळूचे ट्रक जातात. काही झालं नाही, पण घरच्यांना मी ‘घेतलंय’ असं सांगितलं होतं. ते खोटं मला अजून टोचतं.

आणि हे सगळं टळू शकत होतं. त्याच दिवाळीच्या सुमारास विद्यापीठातून शिकून बाहेरगावी नोकरीला निघालेला एक मुलगा आपली सायकल विकत होता. ४९ची फ्रेम, क्लॅरिस गिअर, १७ हजार. मी पाहूनही आले होते. दुसऱ्याची वापरलेली नको, असं म्हणाले. खरं म्हणजे नवी सायकल दारात आणून तिला हळदकुंकू लावायचं होतं. शिवाय जुनी पारखायची कशी, हे येत नव्हतं, आणि शिकून घेता येईल असंही वाटलं नाही. अवघड काही नसतं. चेनच्या एका खिळ्यावर पट्टीचं शून्य ठेवून १२ इंचांचं अंतर मोजायचं. तिथला खिळा पट्टीवरच्या १२च्या खुणेपुढे एक अष्टमांश इंच गेला असेल, तर चेन आणि मागची चक्रं दोन्ही बदलावी लागतील, तेवढे पैसे किमतीतून वजा करायचे. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवायची, म्हणजे हँडलखाली ढिलेपणा असेल तर हाताला कळतो. चाक फिरवून ते ब्रेकच्या रबरांमधून सरळ जातं का ते पाहायचं. आणि फ्रेमच्या जोडांवर, विशेषतः हँडलखाली, कापडाने पुसून तडा शोधायचा.

पुढच्या हिवाळ्यात मी अशीच पारखून ४८ची जुनी सायकल घेतली, साडेअठरा हजारांना. महिन्याभरात बोटांच्या मुंग्या थांबल्या. ५४ची सायकल घ्यायला वाघोडिया रोडकडचा एक कॉलेजचा मुलगा आला. मी आधी त्याला दांडीवर उभं केलं, पुस्तक देऊन पायांचं माप घेतलं, मग किमतीचं बोलले. त्याला ती बरोबर बसत होती. मूळचा १०० मिलिमीटरचा स्टेम जपून ठेवला होता, तो परत बसवून दिला. फ्रीव्हीलचं आणि २८ दात्यांच्या मर्यादेचंही सांगितलं. ते ऐकून त्याने १५ हजारांतले हजार कमी करायला सांगितले, आणि मी केले.