दम वाढवायचा आहे, रोग नाही

बदली होऊन तंजावूरला आलो. इथल्या दमट हवेत दोन जिने चढलो तरी धाप लागायची, म्हणून जिम लावली. तिथल्या कोचनं लगेच एक लाल डबी पुढे केली. वर चिनी अक्षरं आणि इंग्रजीत ओळखीची दोनच नावं, जिनसेंग आणि कॉर्डिसेप्स. "दम दुप्पट होईल, सार." कॉर्डिसेप्स म्हणजे हिमालयातली कीडाजडी, जमिनीखालच्या अळीला आतून खाऊन तिच्या डोक्यातून उगवणारी बुरशी. हे कळल्यावर डबीचं झाकण काही उघडवेना.

कोचनं चिनी धावपटूंचा दाखला दिला. 1993 मध्ये बीजिंगला वांग जुनशियानं 10,000 मीटर 29 मिनिटं 31.78 सेकंदांत मारले. तो विक्रम थेट 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मोडला. तिचे प्रशिक्षक मा जुनरेन याचं श्रेय कीडाजडीला आणि कासवाच्या रक्ताला देत. पुढची गोष्ट मला वाचून कळली. त्याच 2016 साली या मुलींचं जुनं पत्र उजेडात आलं, आणि त्यात सक्तीनं दिलेल्या उत्तेजकांची तक्रार होती. डॉक्टर मित्रानं फोनवर आणखी बजावलं, "डबीत मा-हुआंग नाही ना ते बघ." त्यात एफेड्रिन असतं. 1994 च्या विश्वचषकातून मॅराडोनाला घरी जावं लागलं ते याच जातीच्या औषधांमुळे. डबी उलटसुलट करून पाहिली. पण सगळी चित्रलिपीच, काय कळणार डोंबल!

सुट्टीच्या दिवशी राजवाड्यात गेलो. सरफोजी राजे दुसरे (1798 ते 1832) यांनी इथं धन्वंतरी महाल चालवला होता, हे ऐकून होतो. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि इंग्रजी वैद्यक एकाच छपराखाली, आणि माणसांबरोबर जनावरांचीही औषधं! त्यातले योग सरस्वती महाल ग्रंथालयानं 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावानं तमिळमध्ये छापले आहेत. विक्रीच्या टेबलाशी मी हातवारे करत माझी अडचण मांडली, तर पलीकडून चक्क मराठी आलं, जुन्या वळणाचं आणि तमिळ हेलाचं. "तुम्हांस काय होतंय?" मी म्हटलं, होत काही नाही, पळायचंय. गृहस्थ गोंधळले. पुस्तकं रोगांनुसार लावलेली: मधुमेह वेगळा, डोळे वेगळे, खोकला-दमा वेगळा. धडधाकट माणसानं हात कुठे घालायचा?

मग कीळवासलच्या बाजारात एका नाट्टु मरुंदु कडैत, म्हणजे तिथल्या काष्ठौषधींच्या दुकानात शिरलो. पोत्यांतून मुळ्या, साली, सुंठ, पिंपळी. दुकानदारानं 'अमुक्करा' म्हणून एक फिकट मुळी काढली, नखानं मोडली आणि माझ्या नाकाशी धरली. उग्र, जनावरासारखा वास. आपली आसंध, अश्वगंधा! ती दुधाच्या वाफेवर शिजवायची, वाळवायची आणि मगच कुटायची, असं त्यानं खुणांनी दाखवलं. हिच्या बाजूनं थोडाफार पुरावाही आहे. अमृतसरच्या गुरु नानक देव विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये छापलेल्या चाचणीत 40 सायकलपटूंपैकी निम्म्यांनी आठ आठवडे रोज 500 मिलीग्रॅम दोनदा घेतली आणि त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढली. चाचणी लहान, हे खरं. पण कॉर्डिसेप्सची सायकलपटूंवर चाचणी झाली तेव्हा तेवढंही हाती लागलं नव्हतं.

"चिनी काही?" मी उगाच विचारलं. तो हसला आणि पळनीच्या भोगर सिद्धांचं नाव घेऊन कपाळाला हात लावला. त्यांचं चीनशी नातं इथं घरोघरी सांगतात. मग एक जड, गुलाबीसर गाठ तराजूत टाकली. परंगिपट्टै, म्हणजे आपली चोपचीनी. ही खरीखुरी चीनची. गार्सिया द ओर्तानं 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात हिच्यावर लिहिलंय. तेव्हा ती फिरंगरोगावर चालायची. म्हणजे चिनी मुळीसुद्धा पुन्हा रोगावरच!

मी आसंधीचं चूर्ण मागितलं. पुडी बांधता बांधता दुकानदारानं विचारलं, भूक लागते? झोप? पोट साफ? गोळ्या कुठल्या चालू आहेत? थायरॉइडची, म्हणालो. तर त्यानं पुडी सोडून चूर्ण पुन्हा बरणीत ओतलं. आसंधीनं थायरॉइडच्या संप्रेरकांचं प्रमाण वर जाऊ शकतं. आधी डॉक्टरला विचारा, मग या. सुंठ तेवढी दिली. कोचनं यातलं एक अक्षर विचारलं नव्हतं. लाल डबी मी त्याला परत केली, तर म्हणाला, "ठीक आहे सार, व्हॅनिला फ्लेवरमध्येपण येते."