रान बदलणारा ट्रॅक्टर

जुना छोटा ट्रॅक्टर घ्यायचा म्हणून माणूस माझ्या गॅरेजवर येतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा कंपनीचा असतो. मी त्याच्या हातात टेप देतो आणि रान मोजून यायला सांगतो. दोन ओळींमधलं अंतर, बोदाची रुंदी, बांधाकडेला वळायला उरलेली जागा, मंडपाची सगळ्यात खालची तार जमिनीपासून किती उंच, एवढं कागदावर लिहून आणा म्हणतो. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या ओळी नऊ-दहा फुटांवर असतात, पण त्यातून बोद, ठिबकची नळी आणि दोन्हीकडून आत आलेले शेंडे वजा केले की चाकांना मिळणारी वाट फारच अरुंद होते. डाळिंबात साडेचार मीटर बाय तीन मीटरची शिफारस आहे. लागवडीच्या साली ते अंतर ऐसपैस वाटतं. झाडं भरली की काटेरी फांद्या चालवणाऱ्याच्या तोंडावर येतात. हे आकडे समोर आले की निम्मे ट्रॅक्टर चर्चेतून आपोआप निघून जातात, आणि राहिलेल्यांबद्दल नीट बोलता येतं.

दुसरा प्रश्न मी विचारतो तो मात्र ट्रॅक्टरबद्दल असतो: येतोय कुठून? नुसतं गाव सांगून भागत नाही. आजवर कोणत्या कामाला होता, ते हवं. जुनी गाडी पाहताना लोक मॉडेलचं साल विचारतात, तास विचारतात. माझ्या लेखी सालापेक्षा काम मोठं. त्याच वयाचे, त्याच कारखान्यातून निघालेले दोन ट्रॅक्टर घ्या. एक बागेत फवारणीला होता आणि एक चिखलणीला, तर त्यांची झीज इतकी वेगळी असते की दोन्हींसाठी हत्यारांची पेटीसुद्धा मी वेगळी भरतो.

बागेतला ट्रॅक्टर आधी पाहू. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे काही आठवडे बागायतदाराला डाऊनी आणि भुरीची धास्ती असते. ढगाळ हवा आली, पाऊस झाला की ब्लोअर बाहेर. अशा ट्रॅक्टरचे तास भरपूर होतात, पण ते हलक्या ओढीचे असतात. चाकं, मागचा एक्सल, गिअर यांना फार त्रास झालेला नसतो. झीज असते ती पीटीओच्या शाफ्टवर आणि त्याच्या बेअरिंगवर, कारण तो तासन् तास मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या आसपास फिरलेला असतो. आणि दुसरी झीज औषधांची. बोर्डोतलं मोरचूद, गंधक, वर्षानुवर्षं उडालेले तुषार. बॉनेटचा पत्रा, फूटबोर्ड, बॅटरीची टर्मिनलं, वायरिंगचे जोड हे सगळं त्यांनी खाल्लेलं असतं. रेडिएटरच्या जाळीत गंधकाची पूड आणि सुकलेली पानं मिळून थर बसतो आणि तो समोरून दिसत नाही. मी बॅटरी घेऊन रेडिएटरच्या मागून उजेड टाकतो. जाळीतून जिथे उजेड येत नाही तिथे हवा जात नाही, एवढं साधं. पाण्याच्या बाजूनं विहिरीचे क्षार बसलेले असतात, म्हणून इंजिन थंड असताना झाकण काढून आत बोट फिरवतो. पांढरा खडबडीत थर लागला तर या ट्रॅक्टरात कूलंट कधी पडलेलं नाही.

उसाच्या पट्ट्यातला किंवा विटा-वाळू ओढलेला छोटा ट्रॅक्टर मी शक्यतो घेऊ देत नाही. एक टनाच्या आतबाहेर वजनाच्या यंत्राला त्याच्या ताकदीबाहेरची ट्रॉली लावली की क्लच, मागचे हब आणि ब्रेक झिजतात. मागच्या हुकाचं भोक लांबट झालं असेल, पिन त्यात खडखडत असेल, तर पुढचं काही तपासायची मला गरज वाटत नाही.

आणि तिसरा, भाताचा. नाशिक जिल्ह्यातच पश्चिमेला इगतपुरी, पेठ, सुरगाणा इथे पावसाळ्यात खाचरं भरतात, चिखलणी होते आणि मग आवणी. तिथे राबलेल्या ट्रॅक्टरला पाण्यानं आणि गाळानं छळलेलं असतं. पुढच्या एक्सलची सीलं, ब्रेकची हौसिंगं, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट हे सगळं चिखलात बुडून निघालेलं असतं. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या हबचा खालचा प्लग थोडा सैल करून पाहायलाच हवा. आधी पाण्याचा थेंब आला आणि मग ऑइल, तर सील गेलेलं आहे. आलेलं ऑइल ताकासारखं पांढरं असेल तर पाणी आत जाऊन बराच काळ झालाय आणि बेअरिंगंही गेली असं धरून पैशांचं बोलावं.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे आमच्याकडे जुने ट्रॅक्टर रान बदलतात. बागायतदार मोठा किंवा नवा घेतो आणि त्याचा फवारणीचा ट्रॅक्टर विक्रीला निघतो. तो पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या एखाद्या भातशेतकऱ्याला किमतीत परवडतो. गेल्या उन्हाळ्यात इगतपुरीच्या बाजूच्या एक ताई अशाच आल्या होत्या. इंद्रायणी लावतात, खाचरं लहान, बैल सांभाळणं आता जमत नव्हतं. त्यांना पिंपळगावजवळचा एक बागेतला ट्रॅक्टर पसंत पडला होता. मी त्यांच्यासोबत गेलो.

विकणाऱ्याला मी आदल्या दिवशीच निरोप देतो की आम्ही येईपर्यंत सेल्फ मारू नका. थंड इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन लपवतं. पोचलो की पहिल्यांदा ब्लॉकला हात लावतो. कोमट लागला तर कितीही चांगला ट्रॅक्टर असो, मी त्या दिवशी निर्णय देत नाही. थंड इंजिन सुरू झाल्यावर थोडा वेळ पांढरा धूर चालतो. गरम झाल्यावरही तो राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंगा तरी गेल्या, नाहीतर वॉल्व्ह गाइड. लोड पडताना दिसणाऱ्या काळ्या धुराला मी घाबरत नाही. एअर क्लिनर साफ करून पुन्हा बघतो.

मग ब्रीदर. इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण तिच्यामुळे चांगले ट्रॅक्टर नाकारले जातात. ऑइल भरायचं झाकण उघडून बाहेर हवा किती येते ते बघायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण महिंद्रा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ यांसारख्या पंधरा एचपीच्या ट्रॅक्टरांना सिलिंडर एकच असतो. तो एकटा मोठा पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा ढकलतो, वर जाताना ओढतो. त्यामुळे झाकणातून ठोके पडल्यागत हवा येणारच. व्हीएसटी शक्तीचा १८० डी किंवा कुबोटाचा बी २४४१ यांना तीन सिलिंडर आहेत. तिथे एक पिस्टन उतरताना दुसरा चढत असतो, म्हणून तशी धाप जाणवत नाही. एका सिलिंडरच्या ट्रॅक्टरला तीन सिलिंडरच्या मापानं तोलणं हा अन्याय आहे. मी तळहात झाकणावर धरतो आणि हाताला काय लागतं ते पाहतो. कोरडी हवा असेल तर ठीक. ऑइलचे बारीक थेंब आणि सतत धूर येत असेल तर इंजिन उघडावं लागणार.

त्या दिवशी ताई म्हणाल्या, "भाऊ, मीटरवर तास तर कमी दिसतात."

मी त्यांना पेडलचं रबर दाखवलं. क्लचच्या पेडलवरचे कंगोरे पार गुळगुळीत झाले होते. जुन्या यांत्रिक मीटरला केबल असते, ती तुटली की आकडा तिथेच थांबतो, आणि ती बदलायला कुणाला घाई नसते. मीटर खोटं बोलतं असं मी म्हणत नाही. त्याला पुढचं माहीत नसतं. त्यापेक्षा पेडल, स्टिअरिंगची पकड, खालच्या लिंकच्या टोकाचे बॉल आणि टोपलिंकची भोकं जास्त विश्वासाची. नवा रंग दिलेला असेल तर ग्रीस निपलांकडे बघा. निपलच्या तोंडावर रंग बसला असेल तर रंगानंतर तिथे ग्रीसगन लागलेली नाही.

लिफ्टची परीक्षा थंडपणी घेऊ नये. ऑइल गरम होऊन पातळ झालं की खरी गळती कळते. म्हणून आधी अर्धा तास रोटाव्हेटर घालून रानात चालवतो, मग अवजार वर उचलून इंजिन बंद करतो आणि बोलत उभा राहतो. बोलता बोलता अवजार खाली येऊ लागलं तर सिलिंडरचं सील किंवा वॉल्व्ह. लिफ्ट किती किलो उचलते या आकड्यावर लोक भुलतात. तो आकडा खालच्या लिंकच्या टोकाशी मोजलेला असतो. ब्लोअरच्या टाकीचं वजन त्याच्या बरंच मागे लोंबतं. पाचशे लिटर पाण्याचे पाचशे किलो, वर पंप, पंखा, सांगाडा. एवढं लहान ट्रॅक्टरच्या पाठीवर टांगलं की चढाला पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं. अशांना मी ओढायचा ब्लोअर घ्यायला सांगतो.

फोर व्हील ड्राइव्हमध्ये टायरही नीट बघावे लागतात. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या घेराचं प्रमाण कारखान्यानं गिअरशी जुळवलेलं असतं. कुणी स्वस्तात मिळाले म्हणून मागे वेगळ्या मापाचे टायर बसवले, तर कडक जमिनीवर पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी भांडत राहतात आणि त्या ताणानं गिअर जातात. टायरच्या भिंतीवरचं माप वाचायला वेळ लागत नाही, तरी ते वाचणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं.

मालकाशी बोलून झालं की मी चालवणाऱ्याला गाठतो. त्याला किंमत ठरवायची नसते. कुठल्या गिअरला त्रास देतो, सकाळी किती वेळा सेल्फ मारावा लागतो, पाणी किती दिवसांनी घालतोस, असं विचारलं की तो सरळ सांगतो. त्या ट्रॅक्टरच्या चालकानं सांगितलं की तिसरा गिअर उतारावर सटकतो. मालकालाही ते ठाऊक नसावं, कारण बागेत त्याचा ट्रॅक्टर उतारावर गेलाच नव्हता. चालकाला ते कळलं होतं गावातल्या रस्त्यावर. ताईंची खाचरं मात्र डोंगरउतारावर. सपाट बागेत ज्या दोषानं काही बिघडलं नाही, तोच त्यांच्या बांधांवर जीवावर बेतला असता. गिअरबॉक्स उघडून दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायचं मालकानं मान्य केलं, तेव्हाच पुढे बोलणी झाली.

कागदांचं थोडक्यात सांगतो. आरसी बुकवरचा चासी नंबर आणि ट्रॅक्टरवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवावा. बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. नाव बदलायला २९ आणि ३०. एमएच ४१ चा ट्रॅक्टर एमएच १५ मध्ये आणायचा तर २८. बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिळालेल्या मिनी ट्रॅक्टरच्या बाबतीत विकणार नाही असं हमीपत्र दिलेलं असतं, तो स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नये. विकणाऱ्यालाही मी बजावतो की नाव बदलून होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. अपघात झाला तर नोंदणीत ज्याचं नाव तोच भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलं आहे, मधे वाहन कितीही हातांत फिरलेलं असो.

एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. जुन्या ट्रॅक्टरला पीटीओ शाफ्टवरचं कव्हर जवळपास कधीच नसतं. कुठेतरी तुटतं आणि मग बसवलंच जात नाही. ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचं टोक, उपरण्याची दशी, सैल बाही अडकली तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. कव्हर फार महाग नसतं. ते बसवल्याशिवाय माझ्या गॅरेजमधून मी शाफ्ट जोडून देत नाही, मग गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

ट्रॅक्टर ताईंच्या गावी गेला त्याआधी गिअरबॉक्स झाला, इंजिनचं, हायड्रॉलिकचं आणि पुढच्या हबचं ऑइल बदललं, डिझेल आणि ऑइलचे फिल्टर नवे घातले. रेडिएटर उतरवून धुतला, त्यात कूलंट भरलं. बागेत ज्या सीलांना कधी पाणी लागलं नव्हतं ती कडक झालेली होती. पुढची दोन्ही सीलं दिसायला बरी असूनही बदलली, कारण आता ती चिखलात उतरणार होती. केजव्हील त्यांनी जवळच्याच गावात बनवून घेतली. निघताना त्यांच्या मुलाला मी हबचा प्लग दाखवला, पाना हातात दिला आणि एकदा त्याच्याकडूनच सैल करून घेतला. सांगितलं, पहिली चिखलणी झाली की ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेव आणि सकाळी हलवायच्या आधी हा प्लग किंचित सोड, म्हणजे पाणी असेल तर खाली बसलेलं असेल आणि आधी तेच बाहेर येईल. आलं तर आवणी उरकायची वाट बघू नकोस, त्याच दिवशी फोन कर. सीलं मी गाडीत घालूनच येईन.