खानदेशातला एक पोळा

जळगावहून भुसावळ गाठावे, तापी ओलांडावी आणि फैजपूर-सावद्याच्या रस्त्याला लागावे. दोन्ही बाजूंना केळीच केळी, आणि उत्तरेला सातपुडा सारखा सोबतीला. फैजपूर आले की गाडीतला एखादा म्हातारा हमखास सांगतो, खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन इथलेच, १९३६ सालचे! माझे आजोळ सावद्याच्या पुढे, चिनावलच्या बाजूला. इकडच्या लेवा बोलीत पोळ्याला 'पोया' म्हणतात, आणि पोयाला भाचा आला नाही तर मामा रुसतात.

२०२२ च्या श्रावणात मात्र गाडीत झुलींचा आणि घुंगुरमाळांचा विषय कोणी काढला नाही. ऑगस्टच्या आरंभी चिनावलच्या गुरांत लम्पी दिसली. त्या वर्षीच्या साथीची राज्यातली पहिली नोंद इथलीच. हा देवीच्या जातीचा विषाणू. माणसाला तो बाधत नाही. माशा, डास आणि गोचिडांमार्फत गुरांत फिरतो. ताप भरतो, अंगभर गाठी येतात, पाय सुजतात. शेळ्यांच्या देवीची लस घेऊन डॉक्टर गोठोगोठी हिंडत होते. मामांच्या चांद्याला त्याआधीच ताप भरला होता.

चांद्या निमाडी, सातपुड्यापलीकडच्या खरगोनकडचा. तांबूस अंग, त्यावर पांढरे पट्टे, कपाळावर चंद्र. त्याचा जोडीदार मोऱ्या. दोघे गोऱ्हे असताना आणलेले. नऊ वर्षे एका जुवाखाली चालले. चांद्या डावीकडे, मोऱ्या उजवीकडे. उलटे जुंपले तर दोघेही पाऊल उचलत नसत. आठव्या दिवशी चांद्या गेला. बांधावरच्या निंबाजवळ खोल खड्डा घेऊन, चुना टाकून त्याला पुरले.

मी पोचलो तेव्हा मामा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "माणूस गेला तं लोक भेटाले येतात, भाऊ. बैल गेला तं इचारतात, केवढ्याचा व्हता?"

शेतकरी काही भाबडा नसतो. म्हातारा बैल मामांनीही बाजारात नेला आहे. कासरा दुसऱ्याच्या हाती देऊन ते मागे न पाहता घरी आले आहेत. त्या दुःखाकडे पाठ फिरवता येते. हे दुःख आठ दिवस गोठ्यातच उभे होते, आणि मामा त्याच्या तोंडाशी पाण्याची बादली धरून बसले होते.

पुढे सरकारने लम्पीने दगावलेल्या बैलामागे २५ हजार रुपये ठरवले. मामांना ते मिळाले. पण ती चांद्याची किंमत झाली. फुटलेल्या जोडीची किंमत कोण करणार? मोऱ्याच्या चालीचा जोडीदार शोधावा, तर गुरांचे बाजार बंद. ते उघडले तेव्हा मामा तिकडे फिरकले नाहीत.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात. वर्षभर जुवाने सोललेल्या खांद्यांना तेवढाच आराम. मामींनी सवयीने दोघांपुरती वाटी भरून आणली. मामांनी मोऱ्याचा खांदा सावकाश मळला. अर्धी वाटी उरली. मामींनी ती परत घेतली नाही. मामा उठले, भिंतीला टेकवलेले जू त्यांनी आडवे केले, आणि डाव्या अंगाला, जिथे चांद्याच्या मानेने लाकूड गुळगुळीत झाले होते, तिथे उरलेले तूप चोळले. मी कंदील धरून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी गावात मिरवणूक निघाली नाही. मोऱ्याने पुरणपोळी गोठ्यातच खाल्ली.

आता मामांच्या शेतात भाड्याचा ट्रॅक्टर येतो. मोऱ्या अजून आहे. त्याला काम नाही. गोठा सगळा मोकळा आहे, त्याला आता दावेही नसते. तरी पाहावे तेव्हा तो उजव्या अंगालाच उभा असतो.