सहा घरे, दोन किल्ल्या

'डॉमिनेशन' हा शब्द गणिताच्या पुस्तकात भेटला तेव्हा आम्ही दचकलो. साहित्याच्या वर्गात वर्चस्व म्हटले की सत्ता, शोषण आणि लादलेले मौन यांचीच चर्चा करायची आम्हांला सवय. आलेख सिद्धांतात मात्र या शब्दाला नुसता शेजार पुरतो. कागदावर काही बिंदू काढावेत, त्यांतले काही रेषांनी जोडावेत. मग कमीत कमी बिंदू असे निवडावेत, की उरलेला प्रत्येक बिंदू त्यांपैकी एकाचा तरी शेजारी असेल. ही किमान संख्या म्हणजे वर्चस्व-संख्या. पाच वजिरांनी बुद्धिबळाची चौसष्ट घरे राखण्याचे कोडे एकोणिसाव्या शतकातले. ऑयस्टिन ओरे यांनी १९६२ साली या कल्पनेला तिचे नाव दिले. पुढे १९९० साली फिंक, जेकबसन, किंच आणि रॉबर्ट्स यांनी 'बाँडेज नंबर', म्हणजे बंध-संख्या, मांडली. कमीत कमी किती रेषा पुसल्या, की पूर्वीइतके राखणदार अपुरे पडतात, हा तिचा प्रश्न.

तो वाचला आणि आम्हांला गणपतीपुळ्याची आमची वाडी आठवली.

पाखाडीच्या कडेला एका ओळीत सहा घरे, पहिले आमचे. तिथे आई एकटी राहत असे, आम्ही भावंडे मुंबईत. इतर घरांतही बहुतेक म्हातारी माणसेच उरलेली. आम्ही चाकरमान्यांनी मिळून एक व्यवस्था लावून दिली होती. दुसऱ्या आणि पाचव्या घरातल्यांनी आपल्या दोन्ही बाजूंच्या घरांच्या किल्ल्या ठेवाव्यात आणि सकाळ-संध्याकाळ डोकावून जावे. दोघांत सहा घरांची राखण! या काटकसरीचा आम्हांला केवढा अभिमान होता.

मग एका वर्षी आम्हीच जमिनीची मोजणी करून घेतली. दुसऱ्या घराच्या काकूंच्या आगराकडून दीड हात जागा आमच्याकडे निघाली. आई नको म्हणत होती. आम्ही हट्टाने चिऱ्याचा गडगा घातला. काकूंनी नातवाच्या हाती आमची किल्ली परत पाठवली. त्या काही बोलल्या नाहीत, आणि आम्हांला वाटले, प्रकरण मिटले.

आमच्या गावात घरोघरी गणपती बसवीत नाहीत. डोंगर हाच देव. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला सारे गाव देवळातल्या त्या एकाच गणपतीची पूजा करते. त्या चतुर्थीला पहाटे आई न्हाणीघरात पडली. देवळात काकूंच्या लक्षात आले, की वहिनी कुठे दिसत नाहीत. अबोला तसाच मनात ठेवून त्या पावसातून परतल्या आणि माणसे बोलावून त्यांनी दार फोडायला लावले. किल्ली आमच्या मुंबईच्या कपाटात होती.

आज आम्ही तो हिशेब कागदावर मांडून पाहतो. एका ओळीत सहा बिंदू असले तर दोन राखणदार पुरतात. पण त्यांची बंध-संख्या एक. पाच रेषांपैकी मधली पुसली तरच निभावते. उरलेल्या चारांपैकी कोणतीही एक पुसली, की दोनांचे तीन लागतात. सात बिंदूंच्या ओळीला मात्र मुळातच तीन लागतात, पण तिथे कोणतीही एक रेषा गेली तरी, फार तर माणसे बदलून, तिघांतच भागते. जो हिशेब नेमका बसतो त्यात भांडणाला जागा नसते. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील संपतकुमार आणि वालीकर यांनी १९७९ साली आणखी एक अट अभ्यासली होती : राखणदार आपसांतही जोडलेले असावेत. आमच्या ओळीत ती पाळायची तर दोनांऐवजी चार घरे लागली असती. आम्ही तिला उधळपट्टी म्हटले असते.

आणि देऊळ? मध्ये एक बिंदू, भोवती सारे गाव, वर्चस्व-संख्या एक. इथेही एकच रेषा तुटली की हिशेब बिघडतो. पण त्या सकाळी आईची रेषा तुटली, म्हणूनच ती नाही हे काकूंना कळले. वर्चस्वाचा हा अर्थ आम्ही आमच्या वर्गात कधी शिकवला नव्हता : ज्याची अनुपस्थिती कोणाला तरी जाणवते, तो राखलेला असतो.

मराठीत बांध आणि बंध हे शब्द सख्खे भाऊ आहेत. आम्ही एक घातला आणि दुसरा तोडला. आई त्यानंतर दोन वर्षे काठी टेकीत जगली. तिच्या पश्चात आम्ही गडग्याचे चिरे काढून घेतले. घर आता बंद असते. त्याची किल्ली काकूंकडे आहे. ती मागून घेण्याचा धीर आम्हांला झाला, आणि ती ठेवून घेण्याचे औदार्य त्यांना, एवढेच आम्ही या हिशेबाखाली लिहू शकतो.