परज

साताऱ्याकडच्या आमच्या घरी खंडेनवमीला कोयते, विळे आणि नांगराच्या फाळाशेजारी एक तलवार मांडली जाई. पातं गंजून पार अरुंद झालेलं. हळदकुंकू त्यालाच वाहायचं, पण माझा डोळा मुठीच्या तोंडाशी आडव्या असलेल्या परजेवर. "समोरच्याचं पातं घसरत आलं तर बोटं राहावीत म्हणून," आजोबांनी सांगितलं होतं. मराठ्यांच्या फिरंगी तलवारींची पाती बहुधा युरोपातून आलेली, मूठ-परज मात्र इथल्या कारागिरांची, हे पुष्कळ पुढं वाचलं आणि उगाचच बरं वाटलं.

नोकरी भोसरीला, टूलरूममध्ये. पोलाद लाल करून तेलात बुडवलं की कडक होतं, हे तिथं पहिल्याच आठवड्यात कळतं. पितळाचं उलटं. मंद लाल करून पाण्यात टाकलं तर ते मऊ पडतं. पोलादात कार्बन असतो, एकदम गार केल्यावर तो जागच्या जागी अडकतो आणि कडकपणा येतो. पितळात अडकायला कार्बनच नाही. ठोकून-दाबून ताठलेले त्याचे कण उष्णतेनं नव्यानं जुळतात, पाणी नुसतं गार करतं. पितळाला पुन्हा ताठ करायचं तर हातोडी. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम लोक नक्षी म्हणून पाहतात; तांब्याला ताठपणाही त्याच ठोक्यांनी येतो.

निवृत्तीनंतर घरीच सुऱ्या करू लागलो. परजेसाठी सहा मिलिमीटरची पितळी पट्टी घेतो. मधे ओळीनं भोकं पाडायची, ती कानशीनं एकात एक मिळवायची, आणि मुठीत शिरणारी पात्याची शेपटी नेमकी बसेल एवढीच फट ठेवायची. परज चढवून दिव्यासमोर धरायची. सांध्यातून उजेड दिसला की काम वाया. पट्टीची टोकं वळवायची असतील तर आधी तापवून मऊ करावी लागते, नाहीतर बाकावरच तडकते. तापवताना दिवा मालवतो. भर उजेडात मंद लाल दिसत नाही, आणि दिसेपर्यंत थांबलं तर पितळ कडेनं वितळू लागतं.

वळवल्यावर आत ताण उरतोच. ब्रिटिश लष्कराच्या पितळी काडतुसांना हिंदुस्थानात पावसाळ्यात आपोआप चिरा पडत. साठा घोड्यांच्या तबेल्यांपाशी. मुतातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळात राहिलेला ताण, या तिघांचं ते काम होतं. १९२१ च्या सुमारास त्याचा नीट उलगडा झाला. हलकं तापवून ताण काढला की चिरा थांबत. म्हणून मीही वळवलेली परज २५० अंशांच्या आसपास तासभर ओव्हनमध्ये ठेवतो. ओव्हन केकसाठी घेतला होता, याची आठवण घरात मला अधूनमधून दिली जाते.

जोडताना सांभाळायचं ते पात्याला. कडक केल्यावर ठिसूळपणा जावा म्हणून २०० अंशांवर पाणी उतरवलेलं पातं चांदीच्या डागाच्या सहा-सातशे अंशांत कामातून जातं. मी कथलाचाच डाग लावतो. ते २३२ अंशांना वितळतं, आणि धारेचा भाग तेवढा वेळ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला की भागतं.

खरं सांगायचं तर घरातल्या बहुतेक सुऱ्यांना परजेची गरज नसते. विळीला मूठच नाही, पातं जागेवर आणि हात फिरता. कोयता वरून खाली पडतो, हात पुढं सरकत नाही. भाचीनं भाजीच्या सुरीची परज सरळ काढायला लावली. म्हणे, धार लावताना मधे येते. तिचं बरोबर आहे. दिसायला बरी म्हणून लावलेली परज मला आता आवडत नाही. पण मालवणच्या एका ओळखीच्यांनी मासे साफ करायला सुरी मागितली आहे. तिथं हात ओला, बुळबुळीत, आणि टोक खुपसायचं, म्हणजे परज हवीच. फक्त मासळीच्या खाऱ्या पाण्यात पितळ हिरवं पडणार, तेव्हा स्टेनलेसची करावी लागेल, आणि ते माझ्या कानशीला लवकर दाद देत नाही.